झाडू मुलांच्या हाती, किल्ली कोणाच्या?
समाजकल्याण आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, समाजकल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस


कुठल्याही निवासी शाळेत जा, सरकारी असो नाहीतर खासगी, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फलक हमखास दिसतो. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, क्रीडा मंडळ, हरित सेना, सांस्कृतिक समिती, भोजन समिती. प्रत्येकापुढे ‘प्रमुख’ म्हणून एका शिक्षकाचे नाव, सुबक अक्षरात, आणि कधीकधी बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचे. मुलांची नावे त्या फलकावर नसतात. सभासद कोण, सभा कधी भरली, खात्यात पैसे किती, असे काही विचारले की सर कपाटाकडे बघतात. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.

हे पत्र शिक्षण आयुक्तांनाही लिहिता आले असते. त्यांचे कार्यालयही पुण्यातच आहे. पण दिवसाच्या शाळेत मंडळे नुसती फलकावर राहिली तरी मुलाचे फारसे अडत नाही. चार वाजता घंटा झाली की ते घरी जाते, गल्लीत जाते, आणि पुण्याच्या गल्लीत मंडळांना काय तोटा? श्रावण संपत आला की पोरे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरू लागतात. वर्गणी कोणी बुडवली, मांडववाल्याला आगाऊ किती दिले, ढोल कोणी वाजवायचा आणि ध्वज कोणी धरायचा, यावरून भांडतात, रुसतात, पुन्हा एकत्र येतात. चार माणसांना धरून काम कसे करायचे ते तिथे शिकतात. निवासी शाळेतल्या मुलाला गल्ली नसते. आपल्या खात्याच्या शासकीय निवासी शाळांत मूल सहावीत येते आणि दहावी होऊन बाहेर पडते. अकरा ते सोळा, म्हणजे माणूस घडायची ऐन वर्षे. या सगळ्या काळात पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत त्याचा दिवस दुसऱ्याच कोणीतरी आखलेला असतो. भाजी कोणती, दिवा किती वाजता बंद, आंघोळीला पहिला नंबर कोणत्या खोलीचा, यातले काहीच त्याला विचारून होत नाही. अशा मुलासाठी मंडळ हीच गल्ली आणि तेच घराचे अंगण. म्हणून हे पत्र आपल्याला.

मागणी काही नवी नाही. आपल्या खात्याची बरीचशी कामे ज्या महापुरुषाच्या नावाने चालतात, त्यांच्याच कामातला दाखला देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी 1925 मध्ये, सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाखाण्याची, कपड्यालत्त्याची, वह्यापुस्तकांची सोय करतानाच सभेची ओढाताण होत होती. तरीही त्या वसतिगृहातली मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवत होती. ज्यांना शाळेत इतरांसोबत बसू देत नव्हते, गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांची ही मुले, आणि त्यांचे स्वतःचे मासिक! जेवणाची भ्रांत आधी मिटू द्या, मासिकाचे मग बघू, असे कोणी म्हटले असते तर त्या काळात ते कोणालाही पटले असते. सभेने तसे केले नाही. आज आपल्या शाळांत जेवण आहे, गणवेश आहे, संगणक आहे. मासिक कुठे आहे?

पुण्यातलेच उदाहरण हवे असेल तर सदाशिव पेठेत चला. गरीब विद्यार्थ्याने माधुकरी मागायची, सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी वारावर जेवायचे, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली मान खाली घालून शिकायचे, अशी या शहराची जुनी रीत होती. त्याच शहरात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आजचे पुणे विद्यार्थी गृह ते हेच. संस्थेने छापखाना चालवला, छपाईचे शिक्षण दिले, आणि तिथे राहून मोठी झालेली मुलेच पुढे संस्थेचा कारभार पाहू लागली. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. जे मूल आश्रयाला आले तेच पुढे यजमान झाले. पुढे 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, तीही खेड्यातून पुण्याला शिकायला येणाऱ्यांसाठी. तिथेही राहणाऱ्यांनी रोजच्या कामाचा वाटा उचलायचा, हा घरचाच नियम राहिला.

इथे एक धोका आहे आणि तो आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या पत्राचा भलताच अर्थ निघेल. ‘मुलांना सहभागी करून घ्या’ असे परिपत्रक निघाले की खाली पोहोचेपर्यंत त्याचे ‘मुलांकडून करून घ्या’ होते. मग मुले व्हरांडा झाडतात, ताटे घासतात, साहेब यायचे असले की चुना मारतात, आणि अहवालात लिहिले जाते की विद्यार्थ्यांमध्ये स्वावलंबनाची भावना रुजली. दाखल्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतात. झाडू मुलांच्या हाती आणि कोठीची किल्ली साहेबांच्या हाती, असे स्वावलंबन कर्मवीरांनी सांगितलेले नाही.

कर्मवीरांची गोष्ट तर मुळात एका वसतिगृहातून बाहेर काढले गेल्यापासून सुरू होते. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेक समाजाची बोर्डिंगे उभी करवली. भाऊराव तिथल्या जैन बोर्डिंगात राहत. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, त्या समारंभाला हा मुलगा जाऊन आला, आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटले तर त्याने साफ नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे 1924 मध्ये त्याच माणसाने साताऱ्यात वसतिगृह काढले ते सगळ्या जातींच्या मुलांचे, एका पंगतीचे. मुले स्वयंपाक करत, पाणी भरत, पण तो संसार त्यांचा होता. पीठ संपले तर ते त्यांना आधी कळे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले, ते दान म्हणून नव्हे, घरातच कमी पडले म्हणून.

आता कोठीची गोष्ट. एका निवासी शाळेत, नाव मुद्दामच सांगत नाही, मी भोजन समिती खरोखर चालताना पाहिली. संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी नववीतल्या दोन मुली कोठीत जात. दाराशी टांगलेल्या पाटीवर त्या दिवसाची हजेरी खडूने लिहिलेली असे: इतक्या हजर, इतक्या घरी गेलेल्या, दोघी-तिघी आजारी, त्यांना मऊ भात. तूरडाळ, तांदूळ, तेल मोजून द्यायचे ते त्यांच्यासमोर. वहीत तीन रकाने होते: ठरले किती, दिले किती, उरले किती. यातली एक मुलगी घरी शेळ्या पाळणाऱ्यांतली, मापाला पक्की. दुधाचा कॅन आला की ती एक काठी आत उभी घालायची. काठीवर खिळ्याने खुणा पाडलेल्या. सरांनी सांगितले नव्हते, तिने स्वतःच केली होती. ओल्या खुणेवर बोट ठेवून ती दूधवाल्याकडे नुसती बघायची. चार दिवसांत कॅन गळ्यापर्यंत भरून येऊ लागला.

स्वयंपाकघरातल्या मावशी सुरुवातीला या पोरींवर करवादल्या असतील असे आपल्याला वाटेल. तशा त्या करवादल्याच. पण आठवड्याभरात त्यांचा सूर बदलला. डाळ पातळ झाली की आजवर शिव्या मावशींना बसत. कोठीतूनच कमी आली हे त्यांना कोणाला दाखवता येत नव्हते. आता वहीत लिहिलेले होते.

याच शाळेत रविवारी रात्री जेवणानंतर पंगतीच्याच पट्ट्यांवर सभा भरे. एका सभेचा विषय होता, शनिवारी खिचडीऐवजी भाकरी का नको. सातवीतली एक चिमुरडी उठून म्हणाली, आमच्याकडे सणाला पोळी आणि रोज भाकरी, इथे रोज पोळी आणि भाकरी कधीच नाही. हशा झाला. मग मोठ्या मुलींनी हिशेब मांडला: एवढ्या भाकऱ्या थापायच्या तर मावशींना तीन हात जास्तीचे लागतील, ते कोण देणार? अर्धा तास वाद झाला. शेवटी महिन्यातून एक शनिवार भाकरी ठरली, आणि त्या दिवशी ज्या खोलीची पाळी तिने चारलाच स्वयंपाकघरात यायचे. मागितले, त्याची किंमत कळली, ती कोणी द्यायची ते ठरले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा आहे, पण मार्कांपुरता. आणि हो, कृपा करून भोजन समिती मुलींच्या शाळेत आणि क्रीडा मंडळ मुलांच्या शाळेत, अशी वाटणी होऊ देऊ नका. मुलग्यांना डाळीचा हिशेब जास्त शिकवायला हवा, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला विचारा.

भित्तिपत्रकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आपण पाहिलीच असतील. रंगीत कार्डशीट, कडेला वेलबुट्टी, मध्ये ‘पाणी वाचवा’, ‘स्वच्छतेचे महत्त्व’, ‘माझा आवडता सण’. अक्षर सुंदर, कारण वर्गातली सुंदर अक्षराची एकच मुलगी सगळ्यांचे लेख उतरवून काढते. त्यात गरम पाणी आठवडाभर का आले नाही याबद्दल ओळ नसते, रात्री गावाची आठवण येऊन रडू आले याबद्दल नसते, नव्याने आलेल्या मुलाला त्याच्या बोलीवरून कोण चिडवते याबद्दल तर नसतेच. ‘तपासणारे शिक्षक’ म्हणून खाली सही असते, तेव्हा दुसरे काय येणार? माझे म्हणणे एवढेच की महिन्याला एक पान असे असू द्या, ज्यावर मोठ्यांची लेखणी फिरणार नाही. बंधन एकच, तेही मुलांनीच पाळायचे: दुसऱ्या मुलाचे नाव घेऊन त्याला खाली दाखवायचे नाही. गृहपालांवर टीका आली तर येऊ द्या. खुल्या भिंतीवर आलेली टीका बंद खोलीतल्या कुजबुजीपेक्षा बरी, हे गृहपालांनाच आधी पटेल.

आपल्या कार्यालयात हे पत्र वाचून कोणीतरी म्हणणारच: मुलांना अधिकार दिले की राजकारण शिरते. ही भीती पुण्याला फार जुनी आहे. 1905 मध्ये फर्ग्युसनच्या वसतिगृहात सावरकर नावाचा विद्यार्थी राहत होता. मुले हस्तलिखित साप्ताहिक काढत, वाद घालत. त्या वर्षी विदेशी कापडाची होळी झाली आणि प्राचार्य रँग्लर परांजप्यांनी त्याला दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढले. सावरकर पटोत न पटोत, दहा रुपयांनी काय थांबले ते आपल्याला माहीत आहे. गंमत अशी की याच परांजप्यांच्या घरी पुढे एक वसतिगृहातली मुलगी राहायला आली. ब्रह्मदेशात जन्मलेली इरावती करमरकर (पुढच्या इरावती कर्वे) सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात दाखल झाली होती. परांजप्यांची शकुंतला तिच्या वर्गात होती, आणि त्या मैत्रीतून इरावतीला परांजप्यांचे घर मिळाले. पुस्तकांनी भरलेल्या त्या घरात देवाधर्मासकट कशावरही वाद घालायला मुभा होती. इरावती कर्व्यांचे पुढचे लेखन वाचणाऱ्याला त्या घराचे मोल सांगायला नको. पण वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला कोणी परांजपे भेटत नाहीत. वाद घालायची मुभा वसतिगृहातच मिळायला हवी, ती नशिबावर सोडून चालणार नाही.

राजकारणाचे आणखी एक. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात हाणामाऱ्यांमुळे बंद झाल्या आणि 2016 च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची वाट पुन्हा उघडली. मधल्या काळात विद्यार्थ्यांतले गट काही संपले नाहीत, फक्त उघड्यावरून आत गेले. आणि ऐकणारे कोणी नसले की काय होते तेही आपण जवळून पाहिले आहे. आपल्या शेजारच्या आदिवासी विकास विभागाने 2018 मध्ये वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे बँक खात्यात टाकायचे ठरवले, तेव्हा मुले पुण्याहून नाशिकला पायी निघाली. निर्णय बरा की वाईट हा वाद बाजूला ठेवू. ज्यांच्या ताटाचा प्रश्न त्यांच्याशी बोलायला वसतिगृहात जागा असती, तर ती पोरे भर पावसाळ्यात महामार्गावर आली असती का? आपल्याकडेही स्वाधार योजनेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांच्या खात्यात पैसे जमा होतात. त्या पैशाने मुलाला पेठेत कॉट मिळते, डबा मिळतो. रविवारची सभा खात्यात जमा करता येत नाही.

बाहेर पाहायचे तर पोलंडमधल्या यानुश कोर्चाकचे नाव घेईन. या डॉक्टरने 1912 पासून वॉर्सात अनाथ मुलांचे घर चालवले. तिथे मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीश मुले, आणि खटला मोठ्यांवरही भरता येई. खुद्द कोर्चाकवर भरला गेला आहे. मुलांचे वर्तमानपत्रही त्याने काढले. 1942 च्या जुलैत, नाझींच्या कोंडवाड्यात, याच मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ रंगमंचावर आणले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांना कोर्चाकसह ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. इतक्या टोकाच्या दिवसांतही तिथे मुलांचे नाटक मुलांचेच राहिले. आपल्याकडे स्नेहसंमेलनात मुलांनी नाचायचे गाणे शिक्षक ठरवतात आणि आमदार आले की मध्येच थांबवतात.

कायद्याचा आधार शोधायला लांब जावे लागणार नाही. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता भारताने 1992 मध्ये स्वीकारली. तिच्या पंधराव्या कलमात मुलांना संघटना करण्याचा हक्क दिला आहे, मोठ्यांच्या परवानगीने मंडळात बसण्याचा नव्हे. 2020 च्या शिक्षण धोरणातही विज्ञान, गणित, कविता, नाट्य, पर्यावरण अशा मंडळांची लांबलचक यादी आहे. विषयांची यादी चांगलीच आहे. किल्ली कोणाकडे, याबद्दल ती बोलत नाही.

म्हणून मागणी साधी ठेवतो. प्रत्येक निवासी शाळेत आणि वसतिगृहात कोठीतून माल निघताना दोन विद्यार्थी हजर असावेत, आणि त्यांची सही नसेल तर त्या दिवसाची वही पुरी धरू नये. हे दोघे निवडून आणू नका. निवडणुकीत दांडगा निवडून येतो किंवा मोठ्या गावाचा, मोठ्या जातीचा. वसतिगृहात कोणत्या खोलीत कोण कोणाबरोबर बसते, हे आपल्या गृहपालांना आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाका, पंधरा दिवसांची पाळी लावा, सहावीतल्याबरोबर नववीतला असू द्या. निवडणूक घ्यायची तर ती रविवारच्या सभेच्या अध्यक्षासाठी घ्या, त्यात भांडण झाले तरी कोणाचे पोट मारले जात नाही. मंडळांना पैसे द्या, थोडेच द्या, महिन्याला मुलामागे दहा रुपये म्हणा, पण ते मुलांच्या ठरावाने खर्च व्हावेत. बुद्धिबळाचा पट घ्यायचा की सतरंजी, हे त्यांनी ठरवावे. चुकीची सतरंजी घेतली तर पावसाळाभर ती त्यांनाच वापरू द्या.

गृहपालांना हे नवे ओझे वाटेल, आणि त्यांच्या डोक्यावर आधीच काय काय आहे याची मला कल्पना आहे: दाखले, ऑनलाइन अर्ज, ठेकेदार, पाण्याचा टँकर, रात्री ताप चढलेले मूल. म्हणूनच एकदम सगळ्या राज्यात परिपत्रक काढू नका. परिपत्रकाचे खाली पोहोचेपर्यंत काय होते हे वर सांगितलेच. पुणे जिल्ह्यातल्या चार-पाच वसतिगृहांपासून सुरुवात करा. जूनमध्ये नको, तेव्हा नवी मुले घराच्या आठवणीने अर्धी झालेली असतात आणि प्रवेशाची कागदपत्रेच संपत नाहीत. दिवाळीची सुट्टी संपवून मुले परतली की पहिली सभा घ्या. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेआधी तीन रकान्यांच्या वह्या मुलांकडूनच तपासून घ्या, आणि त्या बैठकीला आपल्या विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनातून कोणीतरी जाऊन मागच्या बाकावर बसावे. बोलू नये. चहा मागू नये. मुलांनी विचारले तरच उत्तर द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
पुणे